शतपावली आणि वामकुक्षी

जेवणानंतर शंभर पावले चालावे व मग डाव्या कुशीवर घटकाभर पडावे, असा आपल्या वाडवडिलांचा परिपाठ होता. दुपारी दोन-अडीच तास दुकाने मिटण्याची गोव्यातील जुनी रीत या परिपाठास मोठी अनुकूल. परंतु पेडणे असो वा डिचोली, आपण व्यापाऱ्यांनी त्यातील वामकुक्षी तेवढी निष्ठेने सांभाळली आणि शतपावली सोडून दिली.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वीस वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात शेकडा ११.४, तर गोव्यात शेकडा २६.४ आढळले; म्हणजे चौघांत एक. आनुवंशिकता, आहार, वाढते वय ही कारणे आहेतच. त्यांपैकी कित्येकांवर आपला इलाज चालत नाही. बैठकीवर मात्र चालतो.

भात-पोळीची साखर जेवणानंतर साधारणतः तास-दीड तासात रक्तात सर्वाधिक चढते. ती साठविणारी सर्वांत मोठी वखार म्हणजे आपले स्नायू. एरवी या वखारीचे दार इन्सुलिन उघडते. मधुमेहात ते नीट उघडत नाही आणि मालाच्या गाड्या रस्त्यावरच तटून राहतात. परंतु स्नायू काम करीत असता इन्सुलिनवाचूनही दुसरे एक दार उघडते व साखर आत घेतली जाते. म्हणून जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे. धावण्याची गरज नाही. पहाटे मये तलावाकडे फिरून येणे उत्तमच, परंतु तेवढ्याने पुढील दहा तासांच्या बैठकीची पुरती वजावट होत नाही.

आमचीच गोष्ट घ्या. पोते उचलणार हमाल, वजन पाहणार दिवाणजी. आम्ही लोडाला टेकून हलविणार ती केवळ लेखणी. मधुमेह जडल्यावर आम्ही दर अर्ध्या तासाने उठून वखारीतील थप्प्यांमधून फेरी मारण्याचा नेम धरला. पावसाळ्याचे चार महिने तर वखार हाच आमचा रस्ता. (अशाच एका फेरीत गळक्या कौलाखाली भिजलेली पोती वेळीच दृष्टीस पडली, हा वरकड नफा.)

आपला चौविहार येथे फार उपयोगी पडतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की निजण्यापूर्वी फेरफटक्यास भरपूर वेळ राहतो. मात्र एक धोका ध्यानी घ्यावा. एकदा आम्ही गोळी घेऊन जेवणापूर्वीच फिरावयास निघालो, तो अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले. साखर एकाएकी उतरली होती. तेव्हापासून खिशात साखरेची पुडी असते. इन्सुलिन वा साखर फार उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांस असे रात्रीही होऊ शकते. त्यांनी चौविहार किंवा उपवासाचा नियम घेण्यापूर्वीच डॉक्टरांस सांगून औषधाची मात्रा व वेळ ठरवून घ्यावी. आणि प्रसंग आलाच तर नियमाच्या संकोचाने साखर तोंडात घालण्यास क्षणाचाही विलंब करू नये. पच्चक्खाणाच्या पाठात आजारपणासाठी आगार ठेवलेला आहे. शंका असेल त्यांनी गुरुमहाराजांस आधीच विचारावे.

प्रमेहाच्या निर्धन रोग्याने पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षान्नावर, एका गावी एकच रात्र राहून मुनीप्रमाणे शंभर योजने चालावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. वाचताना आपल्या साधूंचा विहारच डोळ्यांपुढे उभा राहतो. चालण्याचा उपदेश आजही खरा. अनवाणीपणाचा मात्र मधुमेही गृहस्थाने घेऊ नये. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना मंदावते. काटा रुतला, जांभ्याच्या तापलेल्या फरशीने फोड आला, तरी कळत नाही, आणि जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. कुडण्याच्या प्राचीन जैन मंदिराचे अवशेष पाहावयास आम्ही गेलो, ते पायांत वहाणा घालून. मंदिरात जाताना त्या पायरीपाशी उतरवितो, ऊन चढण्यापूर्वी दर्शन उरकतो आणि घरी परतल्यावर दोन्ही तळवे नातवाकडून उजेडात तपासून घेतो.