‘मात’, ‘भोग’ आणि ‘काळजी’ : कर्करोगानंतरच्या जगण्याची भाषा

कर्करोगाचे निदान आणि मृत्यू यांच्यामध्ये एकेकाळी फारसे अंतर नसे. त्यामुळे त्या अंतराला नाव देण्याची गरजही कोणाला भासली नाही. उपचारशास्त्राने हे अंतर महिन्यांवरून वर्षांपर्यंत आणि कित्येकांच्या बाबतीत दशकांपर्यंत वाढवले. त्यातून माणसांचा एक नवाच वर्ग निर्माण झाला. रुग्ण म्हणावे तर उपचार संपलेले, निरोगी म्हणावे तर पुढच्या तपासणीची तारीख ठरलेली. इंग्रजीत या वर्गाला ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘उत्तरजीवी’, ‘कर्करोगमुक्त’, ‘कर्करोगविजेता’ असे शब्द सुचवले गेले. परंतु ज्यांच्यासाठी ते घडवले त्यांच्या तोंडी ते क्वचितच येतात. नाव नसलेली अवस्था माणूस कशी जगतो, आणि तिच्यातील सुखदुःख बाहेरून कसे ओळखायचे, हा प्रश्न मानसशास्त्राचा मानला जातो. तो भाषेचा आणि कथनरूपाचाही आहे, म्हणूनच तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो.

‘सर्व्हायव्हर’ हा शब्द या अर्थाने फार जुना नाही. वैद्यकात ‘पाच वर्षांचे जीवित’ ही सांख्यिकी संज्ञा रूढ होती. तीत माणूस हा केवळ एक आकडा होता. फिट्झह्यू मुलन या अमेरिकन डॉक्टरला ऐन तारुण्यात छातीच्या पोकळीतील गाठीने ग्रासले. त्यातून वाचल्यानंतर त्याने १९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘सीझन्स ऑफ सर्व्हायव्हल’ हा निबंध लिहिला. ‘बरा झाला’ आणि ‘बरा झाला नाही’ ही विभागणी त्याला अपुरी वाटली. त्याऐवजी त्याने ऋतूंचे रूपक योजले : उपचारांचा तीव्र काळ, त्यानंतरचा धास्तीचा लांबलेला काळ, आणि पुढे स्थिरावलेला काळ. १९८६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘नॅशनल कोअलिशन फॉर कॅन्सर सर्व्हायव्हरशिप’ या संघटनेने निदानाच्या क्षणापासून उर्वरित आयुष्यभर ती व्यक्ती ‘सर्व्हायव्हर’च होय, अशी व्याख्या पुढे आणली. या व्याख्येने रुग्णाला हक्काची भाषा दिली यात शंका नाही. मात्र तिने त्याच्यावर एक ओळखही कायमची चिकटवली.

त्या ओळखीला युद्धाचा रंग आधीच चढलेला होता. १९७१ च्या अमेरिकन कर्करोग कायद्यापासून ‘कर्करोगाविरुद्धचे युद्ध’ ही परिभाषा सार्वजनिक झाली होती. सुझन सॉन्टॅगने ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) मध्ये या युद्धभाषेवर आणि दडपलेल्या भावनांतून कर्करोग होतो या समजुतीवर हल्ला चढवला. ही रूपके रुग्णाला दोषी ठरवतात, असे तिचे म्हणणे. विशेष म्हणजे ती स्वतः त्या काळात स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत होती, पण पुस्तकात तिने स्वतःविषयी मौन पाळले. दोनच वर्षांनी ऑड्री लॉर्डचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) आले. लॉर्डने तेच युद्धाचे रूपक आपलेसे केले, पण ते घेतले आफ्रिकेतील दाहोमीच्या स्त्री-योद्ध्यांकडून. शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन वापरण्याचे तिने नाकारले, कारण जगाच्या सोयीसाठी जखम झाकणे हे तिला मौनाचेच दुसरे रूप वाटले. एकाच देशातील, एकाच रोगाने ग्रासलेल्या आणि जवळजवळ समकालीन अशा दोन स्त्रियांच्या या दोन भूमिका पाहिल्या म्हणजे ‘पाश्चात्त्य दृष्टी’ आणि ‘भारतीय दृष्टी’ अशी सरळ विभागणी किती फसवी आहे ते लक्षात येते. संस्कृती म्हणजे एकच एक उत्तर नव्हे. अनुभव सांगण्यासाठी हाताशी असलेल्या रूपांचा तो साठा असतो. त्यातले कोणते रूप कोणाच्या वाट्याला येते, हा खरा मुद्दा.

भारतीय भाषांत हा साठा निराळा आहे. मुळात ‘कर्करोग’ हा शब्दच अनुवाद आहे. ग्रीक भाषेतील खेकड्याचे नाव संस्कृत ‘कर्क’च्या रूपाने आपल्याकडे आले, आयुर्वेदाच्या संहितांत ‘अर्बुद’ आणि ‘ग्रंथी’ या संज्ञा येतात. बोलण्यात मात्र ‘कर्करोग’ही नसतो आणि पुष्कळदा ‘कॅन्सर’ही नसतो; ‘गाठ’ असते, ‘मोठा आजार’ असतो, किंवा नुसतेच ‘ते’. बरे झालेल्या माणसाविषयी वृत्तपत्रे ‘कॅन्सरवर मात’ असा मथळा देतात. ‘मात’ हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आला आहे. तिथे मात झाली की डाव संपतो. कर्करोगातून उठलेल्या माणसाचा डाव संपलेला नसतो, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून घरात ‘मात’ कोणी म्हणत नाही. घरात म्हणतात, ‘दुसरा जन्म झाला’, नाहीतर ‘भोग होते, सरले’.

‘भोग’ हा शब्द बारकाईने पाहण्याजोगा आहे. सुखाचा उपभोग आणि दुःखाचे भोगणे हे दोन्ही अर्थ त्यात नांदतात, आणि भोग हा संपणारा असतो ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. दैवावर हवाला ठेवणारा रुग्ण निष्क्रिय होतो, असा एक समज आरोग्यसाहित्यात दीर्घकाळ होता. नीना कोहली आणि अजित दलाल यांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ग्रस्त स्त्रियांविषयीचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांनी रोगाचे कारण म्हणून नशीब, ईश्वरेच्छा आणि कर्म यांचा प्रामुख्याने निर्देश केला. पण हे सांगणाऱ्या स्त्रिया रुग्णालयात उपचार घेत होत्या, ही साधी गोष्ट विसरता येत नाही. प्रारब्ध मानणे आणि औषध घेणे यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. ‘मलाच का?’ या प्रश्नाला प्रारब्ध हे एक उत्तर देते, आणि ते उत्तर ‘तुझ्या स्वभावामुळे’ या आधुनिक उत्तरापेक्षा कमी क्रूर असू शकते. अर्थात ते नेहमीच सौम्य असते असेही नाही. कर्माचे गणित शेजारीण मांडू लागली की त्याचा आरोप होतो. सेसिलिया व्हॅन हॉलेन यांच्या ‘कॅन्सर अँड द कली युग’ (२०२२) या ग्रंथात तमिळनाडूतील दलित स्त्रिया कर्करोगाच्या वाढीची संगती कलियुगाशी लावतात. पण त्या कलियुगात रासायनिक खते आणि बिघडलेले अन्न यांचा समावेश असतो. पुराणातील कालविचार इथे शेती आणि गरिबी यांवरील भाष्य होतो. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारा अभ्यासक एका सामाजिक टीकेला मुकतो.

भारतीय चित्रपटाने कर्करोगाचा रुग्ण बहुधा मरणारा म्हणूनच रंगवला. ‘सफर’ (१९७०) आणि ‘आनंद’ (१९७१) ही परिचित उदाहरणे. रुग्णाचे मरण जिवंत राहणाऱ्यांना शहाणे करते हा त्यांचा साचा. या साच्यात न बसणारा एक चित्रपट मात्र त्यांच्याही आधीचा आहे. श्रीधर यांच्या तमिळ ‘नेंजिल ओर आलयम’ (१९६२) आणि त्याच्या ‘दिल एक मंदिर’ (१९६३) या हिंदी रूपात कर्करोगाचा रुग्ण वाचतो, आणि त्याला वाचवणारा, त्याच्या पत्नीवर कधीकाळी प्रेम केलेला डॉक्टर मरतो. अतिनाट्य म्हणून ते सोडून द्यावेसे वाटते. परंतु वाचलेले आयुष्य कसे जगायचे, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर नोंदवावे लागते : ते आयुष्य दुसऱ्याच्या प्राणाच्या मोलाने मिळालेले ऋण आहे, आणि म्हणूनच अखेरीस डॉक्टरच्या स्मरणार्थ रुग्णालय उभे राहते. अमेरिकन कथनात वाचलेला माणूस स्वतःला नव्याने शोधतो. इथे तो ऋणको होतो. ही कल्पना दिलासा देणारी आहे तशीच ती ओझेही आहे. ज्याच्यासाठी घर विकले गेले, मुलाचे शिक्षण थांबले, तो माणूस ‘मी आनंदात आहे’ असे म्हणेल की ‘मी ऋणात आहे’ असे?

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ (२००४) या मराठी चित्रपटात प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. कोकणातल्या लहानग्या परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी द्यावी लागणार. हे त्या मुलाला सांगायचे कसे, या पेचाभोवती सारी कथा फिरते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला रुग्णालयातून बाहेर नेऊन जग दाखवून आणतात. कर्करोगोत्तर जगणे सुरू होते तिथे चित्रपट संपत येतो, ही त्याची मर्यादा म्हणता येईल. पण वाचणे म्हणजे काही गमावूनच वाचणे असते, हे मराठी प्रेक्षकाला इतक्या शांतपणे सांगणारी कलाकृती दुसरी चटकन आठवत नाही.

आत्मकथनांकडे वळले की वर्गाचा आणि भाषेचा प्रश्न समोर येतो. युवराज सिंग यांना मुलनप्रमाणेच छातीच्या पोकळीत गाठ झाली होती. अमेरिकेत उपचार घेऊन ते २०१२ मध्येच मैदानावर परतले आणि २०१३ मध्ये त्यांचे ‘द टेस्ट ऑफ माय लाइफ’ आले. मनीषा कोईराला यांचे ‘हील्ड’ (२०१८) तर कर्करोगाने आपल्याला नवे आयुष्य दिले असे उपशीर्षकातच सांगते. ही पुस्तके प्रांजळ आहेत, आणि नामवंतांनी उघडपणे बोलण्याने पुष्कळांना धीर आला असणार. तरी ती इंग्रजीत लिहिली गेली आणि त्यांचा साचाही तिथलाच : संकट, झुंज, साक्षात्कार, पुनरागमन. बार्बरा एहरनराइक यांनी २००१ मधल्या आपल्या निबंधात ज्या सक्तीच्या आनंदीपणाची चिरफाड केली, तोच इथे पुष्कळदा डोकावतो. त्यांच्या शेजारी मल्याळी अभिनेते इनोसेंट यांचे ‘कॅन्सर वॉर्डिले चिरी’ हे पुस्तक ठेवून पाहावे. शीर्षकाचा अर्थ ‘कर्करोगाच्या वॉर्डातले हसू’. हे हसू विजेत्याचे नाही. गावच्या ओट्यावर गप्पा मारणाऱ्या माणसाचे आहे, आणि त्याच्या कथेत पत्नीचाही कर्करोग आहे. हे इनोसेंट २०१४ मध्ये चालकुडी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. आजारी माणसाला इथे ‘वेगळा’ व्हावे लागत नाही, तो आपल्या माणसांत पूर्वीसारखाच विनोदी राहतो. स्वास्थ्याची ही कल्पना साक्षात्काराच्या कल्पनेहून पुष्कळ निराळी आहे.

आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांचे काय? द्वैपायन बॅनर्जी यांनी दिल्लीतील गरीब रुग्णांमध्ये राहून लिहिलेल्या ग्रंथाला ‘एन्ड्युअरिंग कॅन्सर’ (२०२०) असे नाव दिले. वाचणे आणि सोसणे यांतला फरक त्या क्रियापदात आहे. रुग्णाला ठाऊक आहे हे घरच्यांना ठाऊक असते, घरच्यांना ठाऊक आहे हे रुग्णाला ठाऊक असते, तरी शब्द उच्चारला जात नाही. या मौनाला केवळ अज्ञान किंवा नकार म्हणणे चुकीचे आहे. ते नात्यांनी एकमेकांसाठी धरलेले छत्र असते. पण त्याच छत्राखाली मुलीचे लग्न ठरेपर्यंत शस्त्रक्रियेची गोष्ट दडवणारी आई एकटी पडते, हेही तितकेच खरे.

अशा मौनासमोर मानसशास्त्र प्रश्नावली ठेवते. कर्करोगरुग्णांच्या जीवनमानाचे मापन करण्यासाठी युरोपातील संशोधन-संघटनेने तयार केलेली ‘क्यूएलक्यू-सी३०’ ही तीस प्रश्नांची पत्रिका १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. आज ती मराठी-हिंदीसह शंभराहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. गेल्या आठवड्यात ताण जाणवला का, काळजी वाटली का, चिडचिड झाली का, मन खचले का, असे तिचे भावनाविषयक प्रश्न. उत्तरे ‘मुळीच नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पायऱ्यांची. अनुवाद आणि उलट-अनुवाद करून ती काटेकोरपणे सिद्ध केली जाते. अनुवादाभ्यासकांनी या पत्रिकांकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची बाब आहे.

कारण उलट-अनुवाद शब्द तपासतो. शब्दाचे घर तपासत नाही. ‘काळजी’ हाच शब्द घ्या. मराठीत काळजी ‘वाटते’, काळजी ‘करतात’ आणि काळजी ‘घेतात’. चिंता आणि जपणूक या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सामावलेल्या आहेत. लॅटिन ‘कूरा’मध्ये हे दोन्ही अर्थ होते आणि इंग्रजी ‘केअर’चा जुना अर्थही दुःख वा चिंता असाच होता; आधुनिक इंग्रजीने मात्र रोजच्या वापरात ‘वरी’ आणि ‘केअर’ वेगळे केले. शेजारच्या बंगालीत ‘चिंता’ म्हणजे मुख्यतः विचार. आता एखाद्या मराठी बाईने ‘काळजी वाटली का?’ या प्रश्नावर ‘खूप’ असे उत्तर दिले, तर पत्रिकेच्या हिशेबात तिचे भावनिक स्वास्थ्य घसरते. पण आजारपणात सारे घर तिची काळजी घेत होते. आता ती पुन्हा धाकट्याच्या परीक्षेची, सुनेच्या बाळंतपणाची, पावसाची काळजी करू लागली आहे. तिच्या दृष्टीने हे बरे होण्याचे चिन्ह असू शकते. उलट ‘मुळीच नाही’ असे म्हणणारी, सगळे देवावर सोपवून घरातला आपला अधिकारही सोडून बसलेली स्त्री, तक्त्यात उत्तम समायोजित ठरते.

यावरून प्रश्नावल्या टाकाऊ ठरत नाहीत. त्यांच्याविना या माणसांचे दुःख वैद्यकाच्या नोंदीतही आले नसते. मात्र ‘काळजी कोणाची?’ हा एक पोटप्रश्न त्यात नाही. शिवाय ज्या रुग्णाला वाचता येत नाही, तिला प्रश्न दुसरे कोणीतरी वाचून दाखवते. ते वाचणारे कोण, आणि त्या वेळी सोबत आलेला नवरा किंवा मुलगा त्याच बाकावर बसलेला होता का, यासाठी तक्त्यात रकाना नसतो.