चिमटीतला वायू

जांभळाचा हंगाम फार थोडा. कर्जत स्टेशनाबाहेर ठाकरवाड्यांतल्या बाया पानांच्या द्रोणांत करवंदं-जांभळं मांडून बसतात आणि पाऊस लागला की बघता बघता सगळं संपतं. म्हणून आमच्या भिसेगावात त्या दिवसांत जो तो बाटल्या भरण्याच्या मागे असतो. त्या वर्षी मीही जांभळाचं सरबत केलं. टिकणार कसं, म्हणून शेजारच्या काकूंना विचारलं.

"अगं, चिमूटभर केएमएस घाल. मी लिंबाच्या स्क्वॉशमध्ये घालतेच की!"

घातलं. चमच्याने ढवळलं आणि डोळ्यांदेखत तो गडद जांभळा रंग उतरत गेला. उरलं ते धुवट, मातकट पाणी. काकू म्हणाल्या, "जांभळंच कच्ची असणार."

जांभळं चांगली पिकलेली होती. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. ही पांढरी पूड आंबट रसात पडली की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. आगपेटीची काडी ओढल्यावर नाकात झणझणतं, त्यात हाच वायू असतो. रसातला त्याचा काही भाग जांभळातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याला जाऊन चिकटतो आणि रंग मावळतो. म्हणूनच फळप्रक्रियेच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात : लिंबू, आंबा, अननस यांना केएमएस, जांभूळ, करवंद, कोकम यांना सोडियम बेंझोएट. आम्ही दोघीही त्या वर्गाला गेलो नव्हतो.

रंगाचं एवढं मनावर घेण्यासारखं नव्हतं. पण त्यावरून मला काकूंच्या नातवाची आठवण झाली. मुलगा दम्याचा, सुट्टीला मुंबईहून येतो. आदल्या वर्षी नव्या बाटलीतलं लिंबाचं सरबत त्याला दिलं, तर पहिल्याच घोटाला खोकत सुटला आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. घरचे म्हणाले, ठसका लागला. पंप दिल्यावर तो सावरला. तो नुसताच ठसका होता का, हे मला तेव्हा विचारायचंही सुचलं नव्हतं.

सल्फाइट ही काही शरीराला परकी वस्तू नव्हे. डाळी, अंडी, मासळी यांतल्या प्रथिनांत गंधक असलेली अमिनो आम्लं असतात. ती मोडताना आपल्याच पेशींत रोज सल्फाइट तयार होतं आणि सल्फाइट ऑक्सिडेज नावाचं विकर त्याचं निरुपद्रवी सल्फेट करतं; ते लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे बहुतेकांना सरबतातलं सल्फाइट पचून जातं. दम्याच्या रुग्णाची अडचण पोटात पोहोचण्याआधीच सुरू होते. घोट तोंडात असतानाच त्यातून वायू सुटतो, श्वासाबरोबर खाली जातो आणि आधीच हळव्या झालेल्या श्वासनलिका आक्रसतात. काही मिनिटांत छाती आवळते, घरघर लागते. काहींच्या अंगावर गांधी उठतात, पोटात कळ येते. क्वचित रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या अंदाजानुसार शंभरात एकाला सल्फाइट बाधतं. दम्याच्या रुग्णांत हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास मानतात.

हे जगाच्या लक्षात आलं ते सत्तरच्या दशकात. पुढे अमेरिकेत सॅलडची पानं ताजी दिसावीत म्हणून हॉटेलवाले त्यांवर सल्फाइटचं पाणी शिंपडू लागले. लोक तिथेच गुदमरले, काही दगावलेही. अखेर १९८६ मध्ये कच्च्या खाण्याच्या ताज्या फळभाज्यांवर सल्फाइट वापरायला तिथे बंदी आली.

आपल्याकडे सॅलडपेक्षा इतर वाटांनी ते ताटात येतं. राज्यातले बहुतेक साखर कारखाने उसाचा रस निवळायला आणि साखर पांढरी करायला गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. तासगावच्या बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. गुळाचा रंग उजळावा म्हणून काही गुऱ्हाळांत भेंडीच्या पाण्याऐवजी 'हायड्रोस' पडतं, तीही गंधकाचीच पूड. नाशिकहून परदेशी निघालेल्या द्राक्षांच्या पेटीत बुरशी धरू नये म्हणून मेटाबायसल्फाइटचा कागद ठेवतात. कोळंबीची डोकी काळी पडू नयेत म्हणून तिला याच्याच द्रावणात बुडवतात. वाइनमध्ये तर ते मुद्दाम घालतातच, शिवाय आंबवणारं यीस्ट स्वतःही थोडं बनवतं.

या सगळ्यांत मात्रा सारखी नसते. पांढऱ्या साखरेत किलोमागे ७० मिलिग्रॅमपर्यंत वायूची मुभा आहे. म्हणजे दोन चमचे, दहा ग्रॅम साखरेत जास्तीत जास्त ०.७ मिलिग्रॅम, आणि त्यातलाही काही चहाच्या उकळीबरोबर उडून जातो. स्क्वॉशची मर्यादा किलोमागे ३५० मिलिग्रॅम. ग्लासभर सरबताला पन्नास ग्रॅम स्क्वॉश घेतला, तर त्यात साडेसतरा मिलिग्रॅमपर्यंत आलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने रोजची स्वीकारार्ह मात्रा वजनाच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅम धरली आहे. पंधरा किलोच्या पोराला ती साडेदहा मिलिग्रॅम होते आणि एकाच ग्लासात ती ओलांडली जाऊ शकते. एका ग्लासाने निरोगी मुलाला काही होत नाही, ही मात्रा जन्मभर रोज घेण्याच्या हिशेबाने काढलेली असते. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये आपली हीच जुनी मात्रा पुरेशा माहितीअभावी मागे घेतली, हेही ध्यानात ठेवावं.

आता काकूंची चिमूट मोजू. केएमएसच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग वायूच्या रूपाने सुटू शकतो. म्हणजे ३५० मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला किलोभर स्क्वॉशला पूड लागते ती अवघी ०.६ ग्रॅम; पाच ग्रॅमची पुडी आठ किलोंना पुरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम धड दिसतही नाही. त्यात आपली कोकणपट्टीची हवा. दमट दिवसांत उघड्या राहिलेल्या पुडीचा जोर मरतो, मग गेल्या वर्षी बुरशी आली म्हणून यंदा हात सैल सुटतो, आणि नेमकी यंदाची पुडी ताजी असते.

पाकीटबंद मालाचं तसं नाही. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल, तर ते भारतात वेष्टनावर जाहीर करावं लागतं. घटकांच्या यादीत २२० ते २२८ या आकड्यांवर नजर ठेवायची. २२० म्हणजे वायू, २२४ म्हणजे केएमएस. सुटा बेदाणा, सुटा गूळ आणि घरगुती बाटली मात्र काहीच सांगत नाही.

औषधांबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. 'सल्फा'च्या गोळ्यांची ॲलर्जी आणि सल्फाइटचा त्रास यांचा परस्परांशी संबंध नाही. दम्याच्या औषधाच्या नावातलं 'सल्फेट' वाचूनही घाबरायचं कारण नाही. दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. ॲड्रेनालिनच्या बहुतेक इंजेक्शनांत औषध टिकावं म्हणून मेटाबायसल्फाइट असतं. आमच्या भातशेतीच्या मुलखात साप चावल्यावर प्रतिविष देतात. त्याची तीव्र रिअॅक्शन आली तर पहिलं औषध ॲड्रेनालिनच. सल्फाइट बाधणाऱ्या रुग्णालाही त्या क्षणी ते नाकारू नये, कारण त्यातली मात्रा अगदी अल्प असते आणि औषध जीव वाचवतं. दात काढताना मात्र भुलीच्या इंजेक्शनाआधी आपला त्रास डॉक्टरांना सांगून ठेवावा; ॲड्रेनालिन नसलेलं औषधही मिळतं.

निदान घरच्या घरी करायच्या भानगडीत पडू नये. त्वचेवरची चाचणी इथे फारशी उपयोगी पडत नाही. वाढत्या मात्रेत सल्फाइट देऊन छातीची तपासणी करावी लागते, तीही रुग्णालयातच.

काकूंचा नातू अजून त्या तपासणीला गेलेला नाही. पण यंदा काकूंनी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणलाय. लिंबाच्या बाटल्यांवर चिकटपट्टी लावून 'केएमएस, किलोला ०.६' असं लिहिलंय. जांभळाच्या सरबतात काहीच न घालता ते फ्रीझरमध्ये टाकलंय, पट्टीवर फक्त नातवाचं नाव आहे. बर्फातून काढलं तरी त्याचा रंग पूर्वीसारखाच गडद निघतो.