हरणाच्या लेंड्या आणि स्ट्रॉबेरी

हरिण कुणाला आवडत नाही? बिचारे गवत खाते, माणूस दिसला की पळते. पण अशा गरीब प्राण्यामुळेसुद्धा माणसाचा जीव जाऊ शकतो. कसा, ते सांगतो.

अमेरिकेत ओरेगॉन नावाचे राज्य आहे. तेथे सन २०११ च्या जुलै महिन्यात काही लोक एकाएकी आजारी पडले. पोटात कळा, जुलाब, आणि जुलाबात चक्क रक्त! एकूण १५ जणांना लागण झाली. त्यांतले दोघे दगावले. आरोग्य खात्याने रोग्यांना विचारले, तुम्ही काय काय खाल्ले? उत्तर आले, ताजी स्ट्रॉबेरी. कुणी रस्त्याकडेला घेतलेली, कुणी बाजारात. माग काढता काढता ते एका शेतात पोचले. त्या शेतात हरणे शिरत. तिथल्या लेंड्या तपासल्या, तर त्यांत तोच जंतू निघाला!

या जंतूचे नाव ई. कोलाय ओ-१५७. ई. कोलाय तसे आपल्या सगळ्यांच्या आतड्यांत असतात अन् त्रास देत नाहीत. हा मात्र विष तयार करतो. त्या विषाने आतड्याला आतून जखमा होतात, कधी कधी मूत्रपिंडे निकामी होतात. पाच वर्षांखालच्या लेकरांना धोका जास्त. शंभराहून कमी जंतू पोटात गेले तरी पुरे होतात! हरिण, गाय, शेळी, मेंढी यांच्या पोटात तो खुशाल राहतो, त्यांना सहसा काही होत नाही.

मला शंका आली, फळे धुतली असती तर? धुतल्याने जंतू कमी होतात, पण सगळे जात नाहीत. स्ट्रॉबेरीचे अंग किती खडबडीत असते! गोठवूनही तो मरत नाही. म्हणून ज्यांनी ती फळे गोठवून ठेवली होती, त्यांना ती टाकून द्यायला सांगितले. चांगले शिजवले तर मात्र तो मरतो.

आपल्याकडे बोरीखाली शेळ्या बसतात, अन् आपण खाली पडलेली बोरं सदऱ्याला पुसून तोंडात टाकतो. (मीसुद्धा!) शेळीच्या लेंड्यांतही हा जंतू असू शकतो.

आईवडिलांसाठी एक गोष्ट लिहितो. मुलाच्या जुलाबात रक्त दिसले, तर घरात उरलेल्या गोळ्या देऊ नका, लगेच दवाखान्यात न्या. काही जंतुनाशक औषधांनी या जंतूचे विष उलट वाढू शकते.