‘मानभावी’ : एका विशेषणाची घडण

एखाद्या समाजाविषयीचे लोकमत कथांनी कसे घडते, हे पाहण्यास मराठीच्या अभ्यासकाला दूर जावे लागत नाही. ‘मानभावी’ हे विशेषण पुरेसे आहे. वरून गोड, आतून कपटी असा त्याचा रूढ अर्थ. आणि ते ज्या ‘मानभाव’ या नामापासून आले, ते म्हणजे ‘महानुभाव’ या आदरवाचक शब्दाचेच झिजलेले रूप होय.

महानुभावांचे प्रमुख स्थान असलेले रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथलेच. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या त्या येथे. महदंबेचे ‘धवळे’ही येथलेच. ज्या परंपरेने मराठी गद्याचा पाया घातला, तिचेच नाव मराठीत दूषण होऊन बसावे, ही विसंगती सहज घडलेली नाही.

वर्णभेदाचा अव्हेर, स्त्रियांना संन्यासाचा अधिकार, इतर देवतांच्या उपासनेस नकार, काळी वस्त्रे : संशयाला एवढी सामग्री पुरेशी होती. तथापि निर्णायक कारण, माझ्या मते, वेगळे आहे. पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. ग्रंथांचे रक्षण झाले खरे. पण पंथाची स्वतःची कथा बाहेरच्या वाचकाला वाचताच येईना आणि त्या मोकळ्या जागेत इतरांच्या कथा शिरल्या. जादूच्या टोपीने कृष्णाचे रूप घेऊन लोकांना भुलविणाऱ्या कृष्णभटाची कथा त्यांपैकीच. मध्य प्रांतातील जातीजमातींवरील रसेल यांच्या 1916 सालच्या ग्रंथातही ती आली. ऐकीव निंदेला अशी छापील, किंबहुना सरकारी, प्रतिष्ठा लाभली. (याच पंथाला पंजाबात ‘जयकृष्णी’ म्हणतात, ‘मानभावी’ची छाया त्या नावावर नाही.)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजवाडे, भावे, य. खु. देशपांडे यांच्या परिश्रमांनी हे वाङ्मय अभ्यासकांना खुले झाले. पुढे वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्र’ संपादिले. 1978 च्या त्या आवृत्तीला मात्र पंथीयांनीच हरकत घेतली. आपली कथा कोणी सांगावी, हा प्रश्न लिपी उलगडल्याने सुटत नाही, एवढे त्यावरून दिसते.

रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. आपण मात्र पहिल्या तासाला ‘लीळाचरित्रा’ची थोरवी सांगतो आणि दुसऱ्या तासाला कादंबरीतील एखाद्या दुटप्पी पात्राला निःशंकपणे ‘मानभावी’ म्हणतो.