पाटीच्या आधीं

हल्लीं सुशिक्षित घरांत दोन वर्षांच्या मुलाविषयीं एक प्रश्न वरचेवर ऐकूं येतो : "याला आतां कांहीं शिकवावयास नको का?" विचारणाऱ्याचा हेतु चांगला असतो, पण शिकविणें म्हणजे पाटी, अक्षरें व अंक एवढेंच त्याच्या मनांत असतें. घरांत चार वडील माणसें असलीं कीं चार मतें निघतात. आजोबांना बाराखडीची घाई, काकांना इंग्रजी अक्षरांची घाई, आजीला मूल पोटभर जेवलें म्हणजे झालें, आणि कामांत बुडालेली आई मुलाच्या हातांत मोबाइल देऊन घटकाभर उसंत मिळविते. यांपैकीं कोणासच दोष देण्याचा माझा विचार नाहीं. तथापि पाटीच्या आधीं मुलाला जें शिकावयाचें असतें, त्याचें साहित्य आपल्या स्वयंपाकघरांत व अंगणांत पसरलेलें आहे. तें ओळखावें, एवढ्यासाठीं हा लेख.

पांच वर्षें मुलाचें लालन करावें व पुढें दहा वर्षें ताडन करावें, अशा अर्थाचें सुभाषित सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील ताडनाचा भाग आम्हां शिक्षकांच्या चांगला लक्षांत राहिला. लालनाचा भाग मात्र आम्ही विसरलों. अक्षरारंभाचा संस्कारही परंपरेनें पांचव्या वर्षीं सांगितला आहे. मग अडीचव्या वर्षीं पाटी पुढें करण्यास आधार कोणता? अर्थात् लालन म्हणजे मुलाला नुसतें खेळवीत ठेवणें नव्हे. त्या वयांत हात, डोळे, कान व जीभ यांचें शिक्षण चाललेलें असतें, आणि तें झाल्यावांचून अक्षराला बैठक मिळत नाहीं.

रोम शहरांतील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. लहान मूल हातांनीं शिकतें, व आवडीचें काम मिळालें कीं तें पुनः पुनः एकाग्रतेनें करतें, हें त्यांनीं तेथें पाहिलें. भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० मध्यें बालमंदिर काढलें. १९२३ मध्यें ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. या ताराबाई लग्नानंतर कांहीं काळ आपल्या वऱ्हाडांत, अमरावतीस, राहिल्या होत्या. १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें १९४५ मध्यें बोर्डी येथें, व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाईंनीं अनुताई वाघ यांच्यासह खेड्यांतील व आदिवासी मुलांसाठीं काम केलें. महागडीं साधनें आणणें तेथें शक्य नव्हतें. शंखशिंपले, पानें, बिया, खडे व माती हींच साधनें झालीं. मुलें बालवाडीकडे येत ना, तेव्हां बालवाडीच मुलांच्या अंगणांत गेली. अंगणवाडीची कल्पना ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें तें नांव देशभर पोंचविलें. गरीब वस्तीच्या अंगणांत जें जमलें, तें आपल्या भरल्या घरांत कां जमूं नये?

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिली पाण्याची. एका परातींत दोन लहान फुलपात्रें ठेवावीं, एकांत अर्धें पाणी असावें, आणि मुलासमोर आपण एकदां सावकाश ओतून दाखवावें. त्या वेळीं बोलूं नये; मुलाचें लक्ष हाताकडे राहूं द्यावें. माझ्या नातीनें पहिल्या दिवशीं सारें पाणी अंगावर घेतलें. आठदहा दिवसांनीं तिचा डावा हात आपोआप भांड्याच्या बुडाशीं जाऊं लागला. तो कोणीं शिकविला नव्हता. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत वैशाखांत पाण्याची ओढ असते, म्हणून तेंच पाणी शेवटीं तुळशीला घालावयाचें असा नेम केला आहे. पाण्याशीं मुलाला क्षणभरही एकटें सोडूं नये, हें मात्र पक्कें लक्षांत ठेवावें.

दुसरी कणकेची. पोळ्या चालल्या असतां लिंबाएवढा गोळा मुलाला द्यावा. तें तो दाबील, लांबवील, चिमटीनें तोडील. पुढें लेखणी धरावयाचीं तीं हींच तीन बोटें. पोळ्याच्या सणाला घरीं मातीचे बैल करतात, तेव्हां त्या चिखलांतही मुलाचा हात असूं द्यावा. बैलाला तीन पाय झाले तरी चालतील.

तिसरी डब्यांची. निरनिराळ्या आकाराचे पांचसहा डबे व त्यांचीं झांकणें पुढें ठेवावीं, व ज्याचें झांकण त्याला बसवूं द्यावें. वाट्या लहानापासून मोठ्यापर्यंत मांडणें, चमचे व डाव निरनिराळे ठेवणें, हेंही त्यांतलेंच. चुकीचें झांकण बसत नाहीं, हें डबाच सांगतो. आपण सांगावें लागत नाहीं.

चौथी धान्याची व शेंगांची. परंतु येथें सावध राहावें. तीन वर्षांच्या आंतील मूल दाणा तोंडांत, नाकांत, कानांत घालतें. भुईमुगाचा दाणा किंवा हरभरा श्वासनलिकेंत अडकला तर जिवावर बेततें. गुंज तर विषारीच. ती घरांत खेळावयास ठेवूंच नये. म्हणून दोन वर्षांच्या मुलाला अख्खें कणीस, नारळाची करवंटी, मुठींत न मावणारा बटाटा अशा मोठ्या वस्तु द्याव्या. तीन वर्षें पुरीं झाल्यावर ओल्या तुरीच्या शेंगा सोलणें, ज्वारींतून हरभरा निवडणें हीं कामें वडील माणसानें जवळ बसून करवावीं.

याशिवाय ओसरीवर खडूची रेघ ओढून तिच्यावरून चालणें, हातरुमालाची चौघडी घालणें, जेवणाच्या वेळीं प्रत्येकाच्या पानाशीं वाटी ठेवणें, अशीं कामें आहेत. तीं मुलगा व मुलगी दोघांनाही सारखींच द्यावीं. काम चाललें असतां वस्तूंचीं नांवें व क्रिया सहज उच्चाराव्या : ओत, पूस, जड, हलकें, खरखरीत. घरकामाच्या बाई वऱ्हाडी बोलतात व आजी पुस्तकी मराठी, म्हणून मूल गोंधळेल अशी भीति बाळगूं नये. दोन्ही त्याच्या कानांवर पडोत. मात्र दोन वर्षें उलटूनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात" असें म्हणून न थांबतां डॉक्टरांस दाखवावें.

मोबाइलनें हें काम होत नाहीं. त्यांतील पाणी ओलें करीत नाहीं व कणीक बोटांना चिकटत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें सांगितलें कीं दोन वर्षांच्या आंत पडद्यासमोर मुलाला बसवूंच नये, व पुढें चार वर्षांपर्यंत दिवसांतून एक तासाहून अधिक नको. पण आईच्या हातून मोबाइल सोडवावयाचा असेल, तर तिचा भार दुसऱ्या कोणीं तरी उचलावयास हवा. वर्तमानपत्र घेऊन झोपाळ्यावर बसणाऱ्या आम्हां आजोबांनींच तो उचलावा. मुलापाशीं अर्धा तास बसावें आणि सांडलेलें पाणीही आपणच पुसावें. तें सुनेसाठीं ठेवूं नये.

आतां एक गोष्ट स्वतःवर घेऊन सांगतों. माझ्या थोरल्या मुलाला मीं अडीचव्या वर्षीं पाटी दिली. शिक्षकाचा मुलगा मागें राहतां कामा नये, ही माझी हांव. त्याचीं बोटें वळत ना, तेव्हां मी त्याचा हात माझ्या मुठींत धरून गिरवून घेत असें. तो रडला तरी सोडीत नसें. पुढें तो पाटी ज्वारीच्या कणगीमागें लपवूं लागला, आणि घरांत सगळे त्यावर हंसले. तो शिकला, नोकरीस लागला. पण हौसेनें पुस्तक घेऊन बसलेला मीं त्याला क्वचितच पाहिला. गेल्या दिवाळींत त्यानें आपली मुलगी माझ्या मांडीवर ठेवली व तो हळूच म्हणाला, "अण्णा, हिच्या हातांत एवढ्यांत पाटी देऊं नका." त्याच्या आवाजांत राग नव्हता. मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं परात व दोन फुलपात्रें मागून घेतलीं.

अक्षरांची वेळ केव्हां आली, हें मूलच कळवितें. चौथ्यापांचव्या वर्षीं तें दुकानावरील पाटी पाहून "हें काय लिहिलें आहे?" असें विचारूं लागतें, कोळशानें भिंतीवर रेघा ओढतें, आपलें नांव दाखवा म्हणतें. तोंवर थांबल्यानें कांहीं बुडत नाहीं. आमच्या घरची जुनी पाटी माळ्यावर आहे. नात मागेल त्या दिवशीं ती खालीं काढावयाची, असें आम्ही बापलेकांनीं ठरविलें आहे.