गोड्या पाण्यातील पफर मासा आणि वनस्पतीयुक्त सामुदायिक मत्स्यटाकी

प्रस्तावना :

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागात, ग्रंथालयाच्या प्रवेशद्वारी किंवा प्राचार्यांच्या दालनात मत्स्यटाकी ठेवण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. या टाक्यांमध्ये अलीकडे गप्पी, मॉली, टेट्रा यांच्या जोडीने वाटाण्याएवढा, पिवळसर-हिरवा, काळ्या ठिपक्यांचा एक मासा आढळू लागला आहे. बाजारात तो 'पी पफर' किंवा 'ड्वार्फ पफर' या नावाने मिळतो आणि अनेकदा 'कम्युनिटी फिश', म्हणजे इतर माशांसमवेत गुण्यागोविंदाने राहणारा मासा, म्हणून विकला जातो. हे वर्णन वस्तुस्थितीस धरून नाही. वनस्पतींनी भरलेली टाकी या माशास अत्यंत अनुकूल असते; मात्र सामुदायिक टाकी त्यास आणि त्याच्या सोबत्यांस, दोघांसही मानवत नाही. असे का घडते, याचे उत्तर माशाच्या शरीररचनेत आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

पफर माशाची ओळख :

पफर मासे टेट्राओडॉन्टिडी या कुलात मोडतात. 'चार दात' असा या नावाचा अर्थ होय. वरच्या व खालच्या जबड्यातील दात एकजीव होऊन प्रत्येकी दोन पट्ट्या तयार झालेल्या असतात व त्यांची पोपटासारखी चोच बनते. कुलातील बहुसंख्य जाती समुद्रात व खाड्यांत राहतात. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार या माशास 'केंड' म्हणतात आणि जाळ्यातील मासळी खाताना जाळीही कुरतडतो म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडतात. चोचीचे सामर्थ्य किती, हे त्यांच्याइतके कोणी जाणत नसेल.

भारतात आढळणाऱ्या गोड्या पाण्यातील जाती मोजक्याच आहेत. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील लायोडॉन कटकुटिया या जातीचे वर्णन हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये केले. आपल्या विवेचनाचा विषय असलेली जाती म्हणजे कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. सुंदरलाल होरा व नायर यांनी १९४१ मध्ये त्रावणकोरातील पंबा नदीतून तिची नोंद केली. पूर्ण वाढलेला मासा जेमतेम तीन ते साडेतीन सेंटिमीटर भरतो. केरळ व दक्षिण कर्नाटकातील संथ, वनस्पतींनी दाटलेले प्रवाह हे त्याचे मूळ स्थान होय.

येथे एक इशारा आवश्यक वाटतो. हिरव्या पाठीवर मोठे काळे ठिपके असलेली डायकोटॉमिक्टीर नायग्रोव्हिरिडिस ही जातीही गोड्या पाण्यातील म्हणून सर्रास विकली जाते. अत्यंत लहान जनुकसंचामुळे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेणारा, २००४ मध्ये ज्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तो हाच मासा. त्याची पिल्ले गोड्या पाण्यात काही काळ तग धरतात. प्रौढ माशास मात्र मचूळ पाणी लागते आणि तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. वनस्पतीयुक्त टाकीत त्यास स्थान नाही.

सहजीवनातील अडचण :

आमच्या विभागातील अनुभव या संदर्भात नमूद करण्याजोगा आहे. गप्पी माशांच्या टाकीत आम्ही चार पफर सोडले. आठवड्याभरात गप्पींच्या शेपट्या झिजू लागल्या. जिवाणूजन्य 'फिन रॉट' असावा असे मानून आम्ही ताम्रयुक्त औषध टाकले. परिणामी टाकीतील गोगलगायी मेल्या, पाणी गढूळ झाले, पफरही मलूल झाले; गप्पींच्या शेपट्या मात्र झिजतच राहिल्या. भिंगाखाली पाहिले असता शेपटीच्या कडेस स्वच्छ, अर्धवर्तुळाकार खाचा दिसल्या. रोगात कड पांढुरकी होते व तंतू सुटे पडतात. तसे येथे काहीच नव्हते. त्या चोचीच्या खुणा होत्या. प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी हे आधी पाहावयास हवे होते, हे वेगळे सांगणे न लगे.

या वर्तनास 'दुष्टपणा' म्हणणे अशास्त्रीय ठरेल. पफर शेपटीचा उपयोग मुख्यत्वे सुकाणूसारखा करतो आणि पाठीवरील, गुदाजवळील व छातीजवळील पर हलवून पोहतो. त्यामुळे त्याची गती मंद, पण हालचाल विलक्षण अचूक असते. तो जागच्या जागी थांबू शकतो, मागेही सरकू शकतो. त्याचे डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. भक्ष्य डोळ्यांनी निरखायचे, जवळ जायचे व चोचीने तोडायचे, ही त्याची रीत. वाऱ्यावरच्या पताकेसारखी हलणारी गप्पीची शेपटी त्याच्या दृष्टीने अळीहून वेगळी नसते. फायटर, एंजल अशा लांब परांच्या संथ माशांची हीच गत होते. लहान कोळंबी तर सरळ भक्ष्यच ठरते. चपळ माशांसोबत ठेवल्यास दुसरीच आपत्ती ओढवते : टाकलेले अन्न पफरपर्यंत पोहोचतच नाही आणि तो हळूहळू उपाशी मरतो. काही हौशी मंडळी ओटोसिन्क्लस हा शेवाळभक्षी मासा सोबत ठेवतात व काहींना ते साधतेही. परंतु महाविद्यालयीन टाकीत, जेथे सुट्यांच्या काळात देखरेख शिपायावर सोपवलेली असते, तेथे हा प्रयोग करू नये असे माझे मत आहे.

वनस्पतींचे कार्य :

स्वजातीयांतही, विशेषतः नरांमध्ये, चढाओढ असते. पोटावरील गडद रेघ व डोळ्यांमागील सुरकुत्यांसारख्या रेषा यांवरून प्रौढ नर ओळखता येतो. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. सहा माशांसाठी पाऊणशे ते शंभर लिटरची टाकी योग्य होय. मात्र तेवढीच टाकी उघडी असेल तर एक नर उरलेल्यांना कोपऱ्यात डांबून ठेवतो. हा मासा नजरेने शिकार करतो, तसाच नजरेने भांडतो. म्हणून टाकीच्या एका टोकाकडून दुसरे टोक दिसता कामा नये. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन, लाकडास बांधलेले जावा फर्न व जावा मॉस यांनी ही नजर तुटते. वनस्पती येथे शोभेच्या वस्तू नसून भिंती आहेत.

त्यांचे दुसरे कार्य रासायनिक आहे. पफर अन्न चावून सांडतो, त्यामुळे पाण्यात अमोनिया वाढतो. वनस्पती त्याचा काही अंश शोषतात. उरलेल्याचे जिवाणू प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा सोडू नये. बेसाल्टच्या प्रदेशातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो, हे ध्यानात घेतल्यास आपल्याकडे ही दक्षता अधिकच निकडीची ठरते. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस पुरेसे आहे. माशास नेहमीसारखे खवले नसल्याने औषधांची मात्रा त्यास चटकन बाधते.

आहार :

कोरडे खाद्य पफर सहसा स्वीकारत नाही. डासांच्या अळ्या, डॅफ्निया, गोठवलेले ब्लडवर्म आणि मुख्यतः लहान गोगलगायी हा त्याचा आहार. चोच आयुष्यभर वाढते व शंख फोडताना ती झिजते. मलेशियन ट्रम्पेट जातीचा शंख फार टणक असल्याने तो टाळावा. रॅम्सहॉर्न गोगलगायी स्वतंत्र बरणीत वाढवणे श्रेयस्कर. गावतळ्यातून आणलेल्या गोगलगायींतून पर्णकृमींच्या अवस्था टाकीत येऊ शकतात. विद्यार्थ्यांच्या मनोरंजनासाठी माशास डिवचून फुगवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तो जठरात पाणी भरून फुगतो. जाळीने पाण्याबाहेर काढल्यास हवा गिळतो व ती त्यास बाहेर टाकता येईलच असे नाही. त्यास पेल्यात पाण्यासह उचलावे.

व्यापार व प्रजनन :

आययूसीएनच्या लाल यादीत या जातीची नोंद 'असुरक्षित' या वर्गात झाली आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून ३० संकटग्रस्त जातींचे पंधरा लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे निर्यात झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. त्यात मोठा वाटा तीन जातींचा होता : हा पफर, डेनिसन बार्ब आणि कृष्णेच्या खोऱ्यातील बोटिया स्ट्रायाटा. दुकानातील मासा नदीतून पकडलेला असण्याची शक्यता म्हणूनच दुर्लक्षिता येत नाही. असा मासा कृश व कृमिग्रस्त असू शकतो. पोट खपाटीस गेलेला मासा घेऊ नये व नवा मासा काही आठवडे स्वतंत्र ठेवावा.

विभागाच्या टाकीत त्याचे प्रजनन अशक्य नाही. जिवंत खाद्यावर पोसलेली जोडी जावा मॉसमध्ये बारीक, पारदर्शक अंडी विखरून टाकते. ही जाती अंड्यांची राखण करीत नाही. टाकीतील मासे ती खाऊनही टाकतात. म्हणून मॉसचा तो गुच्छ त्याच टाकीतील पाण्यासह दुसऱ्या भांड्यात हलवावा. साधारण पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात. प्रथम इन्फ्युसोरिया व नंतर नुकतेच उबलेले आर्टेमिया त्यांना द्यावे. ती वाढू लागताच आकारानुसार वेगळी करावीत, कारण मोठे पिल्लू धाकट्याची शेपटी तोडण्यास तेव्हाच आरंभ करते.