परक्या अंगणातला घरचा सामना

फुटबॉलमध्ये मला विशेष गम्य आहे, असे मी म्हणणार नाही. माझ्या लहानपणी घरात बोलणे चाले ते क्रिकेटचे, आणि तेही होळकर संघाचे. परंतु कन्या व जावई डब्लिनला राहू लागल्यापासून माझ्या तिकडे काही वाऱ्या झाल्या, आणि प्रत्येक वारीत एखाद्या तरी आयरिश क्लबचा युरोपीय सामना पाहायचा असा नेमच पडून गेला. पहिल्या खेपेस जावयाने हौसेने नेले. पुढे मीच सामन्यांच्या तारखा पाहून विमानाचे तिकीट त्या बेताने काढू लागलो. घरची मंडळी हसतात. हसोत बापडी.

युरोपातील बाद फेऱ्यांची रीत अशी, की दोन क्लबांची गाठ पडली म्हणजे एक सामना याच्या मैदानावर आणि एक त्याच्या. मग दोन्हींतील गोलांची बेरीज करायची. त्यामुळे ‘घरचा सामना’ या शब्दाला तिथे फार वजन. आपल्या मैदानाचा चिखल आपल्या ओळखीचा, वारा ओळखीचा, ओरडणारी माणसेही शेजारपाजारची. आयर्लंडच्या क्लबांच्या बाबतीत मात्र एक मौज आहे. मौज म्हणू की दुःख, हे माझे अजून ठरत नाही. त्यांचा घरचा सामना पुष्कळदा घरी होतच नाही.

हे मला प्रथम कळले ते २९ सप्टेंबर २०१६ रोजी. डंडॉक या गावाचा क्लब त्या वर्षी युरोपा लीगच्या गटसाखळीत पोहोचला होता, आणि तेल अवीवच्या मकाबी क्लबशी त्याचा घरचा सामना होता. डंडॉक हे उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीला लागून असलेले गाव. सामना मात्र आमच्या कन्येच्या घराजवळ, डब्लिनच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या उपनगरात. या उपनगराचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले तर भले लांबलचक होते, पण उच्चार एवढाच : टाला. निम्मी अक्षरे केवळ शोभेची! शहरातून लुअस नावाची ट्रॅम येते, आणि तिची तांबडी शाखा इथे येऊन संपते. (‘लुअस’ म्हणजे आयरिश भाषेत वेग. ट्रॅमने प्रवास केल्यावर या नावाचा विनोद ध्यानात येतो.) टालाचे स्टेडियम शॅमरॉक रोव्हर्स या क्लबचे ठाणे, आणि रोव्हर्स व डंडॉक यांचे त्या दिवसांतले वैर काय वर्णावे!

माझ्या शेजारच्या खुर्चीवर डंडॉकहून आलेले एक वयस्क गृहस्थ होते. गळ्यात काळापांढरा मफलर, हातात व्हिनेगर शिंपडलेल्या बटाट्याच्या कापांची कागदी पुडी. पुडी माझ्यापुढे करीत त्यांनी विचारले, “तुम्ही पाहुणे की घरचे?”

“मी तर पाहुण्यांचाही पाहुणा,” मी म्हणालो. “आणि आपण?”

“आम्ही घरचे. म्हणजे कागदोपत्री! घर इथून शंभरेक किलोमीटरवर आहे.”

मग त्यांनी सारा इतिहास सांगितला. डंडॉकचे स्वतःचे मैदान ओरियल पार्क. त्याच वर्षी जुलैत आइसलंडच्या एका क्लबशी दुसऱ्या पात्रता फेरीचा सामना तिथेच झाला होता. परंतु फेऱ्या वर चढू लागल्या, की युरोपीय फुटबॉल संघटनेचे नियमही चढू लागतात. प्रत्येकास स्वतंत्र खुर्ची हवी, दिव्यांचा प्रकाश अमुक इतका हवा, वार्ताहरांना जागा हवी, दूरचित्रवाणीला हवी. उभ्याने सामना पाहणाऱ्या पिढ्यांच्या जुन्या मैदानाला हे कसे झेपावे? म्हणून बेलारूसच्या बाटे बोरिसोव क्लबला डंडॉकने ३-० असे हरविले तेही टालाला, आणि गटसाखळीचे सामनेही तिथेच. आपल्या मुलीचे लग्न व्याह्यांच्याही नव्हे, तर भाऊबंदकीतल्या माणसाच्या वाड्यात लावावे, तसा प्रकार.

“आमच्या ओरियलवर १९७९ साली सेल्टिक आला होता,” ते म्हणाले. “मी होतो.” ग्लासगोला डंडॉक ३-२ असा हरला होता. परक्या मैदानावरील गोल अधिक मोलाचा धरण्याचा नियम तेव्हा होता. म्हणजे घरी नुसता १-० असा विजय मिळता तर युरोपियन कपाची उपांत्यपूर्व फेरी. सामना ०-० सुटला. सदतीस वर्षे झाली होती, आणि तो न झालेला गोल हे गृहस्थ अजून वागवीत होते.

त्या रात्री टालाला गोल झाला. उत्तरार्धात किरन किल्डफने तो केला, आणि तेवढ्यावर डंडॉक जिंकला. युरोपीय गटसाखळीत आयरिश क्लबाचा तो पहिला विजय. सारे प्रेक्षागार उभे राहिले. आमचे गृहस्थ मात्र खाली बसले आणि टोपीने तोंड झाकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाले, “हे ओरियलवर व्हायला हवे होते.” मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते काय?

त्यानंतर मी जुन्या घरच्या सामन्यांच्या मागे लागलो. जी मैदाने पाहता येतील ती पाहिली, जी नाहीत त्यांच्या जागा पाहिल्या. आरंभच परक्या अंगणातला आहे. २५ सप्टेंबर १९५७ रोजी शॅमरॉक रोव्हर्स हा युरोपियन कपात खेळणारा आयर्लंडच्या लीगमधील पहिला क्लब ठरला. समोर मॅट बझ्बींचा मँचेस्टर युनायटेड. रोव्हर्सचे मैदान मिलटाउनला. सामना ठेवला डॅलीमाउंट पार्कवर, म्हणजे प्रतिस्पर्धी बोहेमियन्सच्या दारी, कारण तिथे माणसे अधिक मावत. चाळीस हजारांवर लोक लोटले आणि रोव्हर्स ०-६ असा हरला. त्यांतले दोन गोल लियाम व्हीलनचे. हा व्हीलन मुळी मँचेस्टरचा नव्हेच. डॅलीमाउंटपासून चालत जाण्याच्या अंतरावरील काब्रा वस्तीतला पोर. घरचा सामना कोणाचा झाला म्हणावे? पुढे पाच महिनेही उलटले नाहीत, तोच ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात तो गेला. काब्रातील एका रेल्वे पुलाला २००६ साली त्याचे नाव दिले आहे. त्या पुलावर मी थोडा वेळ उभा राहिलो. पुलाखालून एक ट्रॅम गेली, एवढेच.

डॅलीमाउंटविषयी आणखी एक सांगायला हवे, कारण त्यावाचून आयर्लंडात या खेळाचे स्थान उमगत नाही. फुटबॉल हा तिथे कित्येकांच्या लेखी इंग्रज पलटणींचा खेळ. स्वदेशी खेळ म्हणजे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. १९३८ साली राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड डॅलीमाउंटवर आयर्लंड-पोलंड सामन्यास उपस्थित राहिले, एवढ्या अपराधावरून गेलिक क्रीडा संघटनेने त्यांचे आश्रयदातेपद काढून घेतले. आणि हे हाइड कोण? आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी जन्म वेचलेले पंडित! हुतूतू सोडून क्रिकेटकडे वळणाऱ्यांवर आपल्याकडेही आगपाखड झाली, परंतु इतक्या थराला कोणी गेले नाही. तो बंदीचा नियम १९७१ साली उठला. पण त्यामुळे क्लबांच्या मैदानांत पैसा कधी मुरला नाही, हे मात्र खरे. शिवाय फुटबॉलचा षोक असलेले हजारो लोक इंग्लंडमधील क्लबांवर जीव टाकतात आणि शनिवारी बोट वा विमान धरून तिकडेच जातात. घरचा क्लब उपाशी.

दोन गावांची हकीकत मला विसरता येत नाही. शॅनन नदीकाठचे अॅथलोन हे लहानसे गाव. १९७५ साली यूएफा कपात त्यांची गाठ पडली ए. सी. मिलानशी. सामना कुठे? त्यांच्याच सेंट मेल्स पार्कवर! २२ ऑक्टोबरला इटलीचे ते शेलके खेळाडू त्या ओबडधोबड मैदानावर उतरले. अॅथलोनला पेनल्टी मिळाली. जॉन मिनॉकने मारलेला चेंडू आल्बेर्तोसीने अडविला. सामना ०-० सुटला; पुढे मिलानला ते ०-३ असे हरले. त्या मिलानचे मार्गदर्शक जिओव्हानी त्रापातोनी. तेच २००८ साली आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शक होऊन आले. सेंट मेल्स पार्क आता नाही. क्लब २००७ मध्ये नव्या मैदानावर गेला. पण मी गावात उतरून एका दुकानात चहा पिताना मिलानचे नाव काढले मात्र, दुकानदारीणबाईंनी हातातले काम ठेवून पेनल्टी कशी गेली ते पायाने दाखविले. बाईंचे वय पाहता, त्या वेळी त्या पाळण्यात असाव्यात.

दुसरे गाव लिमरिक. १९८० साली युरोपियन कपात त्यांच्या वाट्याला आला साक्षात रेआल माद्रिद. इओन हँड हे लिमरिकचे खेळाडू आणि मार्गदर्शकही. घरच्या सामन्याचे उत्पन्न यजमान क्लबाचे, तेव्हा मोठे मैदान घेतले तर चार पैसे गाठीला लागतील, या हिशेबाने सामना नेला डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवर, दोनशे किलोमीटर दूर. १७ सप्टेंबरला लिमरिकने पहिला गोल केला. डेस केनेडीने! माद्रिदविरुद्ध! परंतु पाहायला होते सहासात हजार लोक, आणि त्या अवाढव्य मैदानात ते कुठच्या कुठे हरवून गेले. शेवटी सामना १-२ गेला. माद्रिदचा तो संघ पुढे त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. लिमरिकच्या गल्लीबोळांत माद्रिदचे खेळाडू फिरले असते, तर आज तिथल्याही चहाच्या दुकानांत कोणी पायाने गोल करून दाखविला असता. बेरजेत तेवढे राहून गेले.

अर्थात नेहमीच असे होते असेही नाही. १९९१ साली कॉर्क सिटीने बायर्न म्युनिकला १-१ असे रोखले ते रग्बीच्या मैदानावर, आणि गोल करणारा डेव्ह बॅरी हा कॉर्क परगण्याचा गेलिक फुटबॉलपटू. जुने सोवळे कुठल्या कुठे गेले! मैदान परके असले तरी गाव आपले होते, म्हणून ते कॉर्कला बाधले नसावे.

आता ज्यांच्या अंगणात डंडॉकने आपले मंगलकार्य उरकले, त्या शॅमरॉक रोव्हर्सची कहाणी ऐका. मिलटाउनचे त्यांचे मैदान १९८७ साली विकले गेले. आज तिथे घरे आहेत, आणि रस्त्याकडेला एक स्मारकशिला. पुढची बावीस वर्षे हा क्लब याच्या-त्याच्या मैदानावर भाड्याने खेळत हिंडला. मूर्ती हलविली म्हणजे जुने भक्त नव्या देवळाची पायरी चढत नाहीत. तसा अनेक पाठीराख्यांनी नव्या जागेवर बहिष्कारच घातला. क्लब बुडता बुडता २००५ मध्ये पाठीराख्यांनीच तो चालवायला घेतला, आणि २००९ मध्ये टालाला नगरपरिषदेच्या स्टेडियमात त्यांची बिदागी लागली. हे वाचताना मला आमचा होळकर संघ आठवला. चार वेळा रणजी करंडक जिंकणारा तो संघ संस्थानामागोमाग इतिहासात गेला. वडील यशवंत क्लबच्या मैदानावरून जाताना चालणे हळू करीत. आमचे मैदान राहिले, संघ गेला; त्यांचा संघ राहिला, मैदान गेले. यांत अधिक वाईट कोणते, हे इंदूरकरांनीच सांगावे.

गेल्या खेपेस, २० फेब्रुवारी २०२५ रोजी, मी पुन्हा टालाला होतो. आता चारही बाजूंना प्रेक्षागारे उभी राहिली आहेत. कॉन्फरन्स लीगमध्ये रोव्हर्सची गाठ नॉर्वेच्या मोल्दे क्लबशी होती. आठवड्यापूर्वी तिकडे जाऊन रोव्हर्स १-० जिंकून आला होता. गोल करणारा मायकेल नूनन अवघा सोळा वर्षांचा. चारच दिवसांपूर्वी लीगमधील त्यांचा पहिला सामना बोहेमियन्सने आपले डॅलीमाउंट सोडून अविवा स्टेडियमात नेला होता, आणि तिथे तेहतीस हजारांवर लोक आले होते. लिमरिकचे उदाहरण मी उठसूट देत असतो; त्याला जावयाने हे उत्तर दिले. उत्तर बिनतोड आहे, मान्य करतो.

पण ही रात्र खऱ्याखुऱ्या घरची होती. माझ्या पुढच्या रांगेत एक आजीबाई आणि त्यांचा नातू, दोघांच्या गळ्यात हिरवेपांढरे मफलर. आजीबाई मिलटाउनच्या काळातल्या. “तिथून निघाल्यावर मी वीस वर्षे सामना पाहिला नाही,” त्या म्हणाल्या. “इथे आले ती याच्या बापाने ओढून आणली म्हणून.” मोल्देने एक गोल केला, बेरीज सारखी झाली, जादा वेळही तसाच गेला, आणि मग पेनल्टी. थंडीने पाय बधिर झालेले. बसायला कोणी तयार नाही. आजीबाई मैदानाकडे पाठ करून उभ्या, आणि नातू त्यांना एकेक पेनल्टी सांगतो आहे. चार झाल्या, पाचवी मोल्देची. ४-५.

पोर हुंदके देऊ लागले. आजीबाईंनी त्याच्या कोटाची गुंडी लावली, मफलर नीट केला आणि आपल्या खुर्चीवर बसूनच राहिल्या. खेळाडू चारही बाजूंना टाळ्या वाजवीत फिरून गेले, दिवे मंद झाले, पहारेकरी “चला, चला” म्हणत आले, तरी त्या बसलेल्याच. पोराने विचारले, “आजी, घरी नाही जायचे?”

“थांब रे,” त्या म्हणाल्या, “घाई कसली?”

आम्ही दोघे चालत घराकडे निघालो. वाटेत जावई म्हणाले, “बाबा, पुढच्या खेपेस कधी यायचे?” मी म्हटले, “सोडत जूनमध्ये निघते. मग पाहू.”